सांत्वन आणि सांभाळ : मातृवियोगाच्या मराठी वाङ्मयाविषयी

आईच्या मृत्यूविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनाची जी चर्चा झाली ती मात्र बहुतांशी करुण आणि वात्सल्य ह्या दोन रसांच्या हिशेबात बसविलेली आहे. माधव जूलियन व यशवंत ह्यांच्या आईवरील कविता, साने गुरुजींचे ‘श्यामची आई’, आणि अलीकडच्या काळात मराठवाड्यात घरोघर पोहोचलेली फ. मुं. शिंदे ह्यांची ‘आई’ ही कविता, ह्या सर्वांचे वाचन आईची थोरवी ह्या एकाच दिशेने होत आले. ह्या वाचनाला चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु ते अपुरे खास आहे. आई जाते तेव्हा घरातले सर्वांत मायाळू माणूस जाते हे खरे. पण त्याच दिवशी घरातले पहाटेचे दळण थांबते, चूल कोणी पेटवायची हा प्रश्न उभा राहतो, धाकट्याला न्हाऊ कोण घालील, उसनवारी कोण फेडील आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीला पंचमीला कोण बोलावील, ह्यांपैकी कशाचेच उत्तर घरातल्या पुरुषांना ठाऊक नसते. पहिल्या नुकसानीसाठी भाषेत ‘सांत्वन’ हा शब्द आहे. दुसरीसाठी ‘सांभाळ’ हा शब्द आहे. मराठी समीक्षेने पहिल्या शब्दाचा विचार केला; दुसरा तिने समाजशास्त्राच्या दारात नेऊन ठेवला.

ह्या दोन शब्दांतील भेद किरकोळ नव्हे. सांत्वन बाहेरची माणसे करतात, ते सुतकाच्या दिवसांत करतात आणि तेरावे झाले की आपापल्या घरी जातात. सांभाळाला अशी तिथी नसते. सांभाळ पोरांचा होतो, गुरांचा होतो, म्हाताऱ्यांचा होतो. त्याला धान्य लागते, हात लागतात, आणि मुख्य म्हणजे तो करणाऱ्याला घरात काही अधिकार असावा लागतो. ‘माय मरो, मावशी उरो’ ही म्हण ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. वरवर पाहता ती मावशीच्या प्रेमाची थोरवी गाते आणि ऐकणाऱ्याला किंचित निष्ठुरही वाटते. वस्तुतः ती एक तरतूद सांगते. आई मरू शकते हे धरून चालणाऱ्या समाजाने तिच्या जागी कोण, हे आधीच ठरवून ठेवलेले आहे. अनेक घरांत विधुराचे दुसरे लग्न मेलेल्या बायकोच्या बहिणीशीच लागत असे, आणि सावत्र आईला मुले ‘मावशी’ म्हणत. तेथे ही म्हण शब्दशः खरी होत असे. सुखाची होत असे की नाही, हा प्रश्न वेगळा.

हा भेद मनात ठेवून ‘श्यामची आई’कडे वळले असता परिचित पुस्तक काहीसे अपरिचित दिसू लागते. साने गुरुजींची आई २ नोव्हेंबर १९१७ रोजी वारली. पुस्तक मुख्यतः १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू आणि लेखन ह्यांत पंधरा वर्षे गेली होती. ह्या पुस्तकातील काय आठवते असे वाचकाला विचारावे, तर तो मुक्या कळ्या, पोहण्याची भीती, पत्रावळ, अळणी भाजी अशी ठिकाणे सांगेल. ही सर्व ठिकाणे पहिल्या तीस रात्रींतील आहेत. त्यांत आई मुलाला वळण लावते. परंतु बत्तिसाव्या रात्रीपासून पुस्तकाचा रंग पालटतो. रात्रींची नावेच पाहावीत : कर्ज, गरिबांचे मनोरथ, वित्तहीनाची हेटाळणी, आईचे चिंतामय जीवन, तेल आहे तर मीठ नाही, अब्रूचे धिंडवडे, शेवटचा आजार. येथे आई कोणाला काही शिकवीत नाही. ती घर पडू नये म्हणून धडपडते आहे. चार पैसे यावेत म्हणून शेजारणीकडे काम मागते आहे. जप्ती येते तेव्हा ती सोसते आहे. शिकवण देणारी आई आणि घर सावरणारी आई ह्या दोघी एकच असल्या, तरी पुस्तकाच्या कीर्तीने पहिलीला उचलून धरले आणि दुसरीला पहिलीच्या पार्श्वभूमीसारखे मागे उभे केले. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने, ज्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, ती कीर्ती आणखी दूर नेली. तीत चित्रपटाचा दोष मोठा नाही; वाचकांना हवे होते तेच त्याने दिले.

मृत्यूच्या आधीच्या रात्रीला लेखकाने ‘शेवटची निरवानिरव’ असे नाव दिले आहे, आणि ह्या शब्दाकडे टीकाकारांचे फारसे लक्ष गेले नाही. निरवणे म्हणजे सोपविणे. मरणारी आई उपदेश करीत नाही. ती एकेका माणसाला दुसऱ्याच्या हाती देते. तिच्या शुश्रूषेला तिची बहीण, सखूमावशी, आली आहे, म्हणजे म्हणीतली मावशी खरोखरच उंबऱ्याच्या आत आहे. घरात दूर्वांची आजी आहे. धाकटा पुरुषोत्तम आहे. आईची लाडकी मथी मांजर आहे, आणि आईमागे तिचेही जे होते ते लेखकाने टाळलेले नाही. आई कोणाकोणाला खाऊ घालीत होती ह्याची ती सर्वांत साधी नोंद आहे. मात्र त्यानंतरच्या घराविषयी, म्हणजे चौदाव्या दिवशीच्या चुलीविषयी, पुस्तक जवळजवळ बोलत नाही. ह्याचे कारण कथनाच्या रचनेत आहे. श्याम शिकण्यासाठी घरापासून दूर राहत आलेला मुलगा आहे. दूर राहिलेल्या मुलाला आई एरवीही मुख्यतः आठवणीतच भेटत असते. म्हणून तिच्या मृत्यूनेही त्याच्या दिनक्रमात खिंडार पडत नाही, ते त्याच्या मनात पडते. ज्याच्या दिनक्रमात ते पडले तो पुरुषोत्तम होय, आणि तो कथा सांगत नाही. अक्का सासरी आहे. तिचा शोक श्यामच्या शोकाच्या सावलीत राहतो. आश्रमातील मित्रांपुढे रात्री बसून आई सांगणे ही सवड एका विशिष्ट मुलाला मिळालेली सवड आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पुस्तकाचे मोल कमी होत नाही, त्याचा पल्ला मात्र कळतो.

येथे चरित्रातील एक गोष्ट साक्षीला घेणे योग्य ठरेल. १९२४ पासून १९३० पर्यंत साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे होते. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे ते स्वतः करीत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी वारंवार सांगितले आहे. ह्या वागण्याला सामान्यतः सेवाभाव म्हणतात. तो होताच, पण ‘श्यामची आई’ लिहिली जाण्याच्या आधीच आईचे काम लेखकाच्या हातांनी उचलले होते, असेही त्याचे वाचन होऊ शकते. हाताने सांभाळ केला, लेखणीने सांत्वन. लेखणीच्या कामाची कीर्ती झाली. त्याच लेखकाने पुढे ‘स्त्री जीवन’ ह्या संग्रहात बायकांच्या ओव्या जमविल्या, आणि त्या जमविताना मुलाच्या आवाजाऐवजी लेकीचा आवाज त्याच्या कानी पडला असला पाहिजे. मातृवियोगाचे ते दुसरे वाङ्मय मराठवाड्यात विशेष समृद्ध आहे, आणि त्याचे मूळ शोधायचे तर ओवीच्याही आधी गंगाखेडला जावे लागते.

गोदावरीकाठच्या गंगाखेडची जनाबाई परंपरेप्रमाणे लहानपणीच आईला मुकली आणि पंढरपुरात नामदेवांच्या घरी आश्रित म्हणून वाढली. तिच्या नावावर असलेल्या अभंगांपैकी एका प्रसिद्ध अभंगात ती आईबापांचे मरण सांगते. त्यात विलाप मुळीच नाही. एखाद्या गरजू माणसाने आपली स्थिती चार शब्दांत मांडावी आणि मागणे मांडावे, तसा त्याचा सूर आहे, आणि मागणे सांभाळाचेच आहे. विठ्ठलाकडे ती समाधान मागत नाही, ज्ञान मागत नाही. मला बघणारे आता कोणी नाही, ते काम तू कर, एवढेच. पुढचे आश्चर्य असे की अन्य अभंगांत देव ते काम खरोखर करतो. तो तिच्याबरोबर जाते ओढतो, झाडलोट करतो, पाणी भरतो, रानात शेण्या वेचतो, तिला न्हाऊ घालतो, वेणी घालतो, डोक्यातल्या उवासुद्धा काढतो. भक्तिवाङ्मयाच्या अभ्यासकांनी ह्याला सगुणभक्तीची पराकाष्ठा म्हटले आहे, आणि पुरुष देव ‘विठाबाई’ कसा होतो ह्याची चर्चा झाली आहे. परंतु ही कामांची यादी कोणाच्या कामांची आहे, हे विचारले म्हणजे उत्तर सरळ येते : आईच्या. ज्या पोरीची वेणी घालणारे कोणी उरले नाही, तिनेच देवाच्या हाती फणी दिली. येथे उवा काढण्याचा उल्लेख काव्याला खाली खेचतो असे वाटणाऱ्या वाचकाने आईविना वाढलेल्या मुलीचे डोके पाहिलेले नसावे.

मराठवाड्याच्याच आपेगावच्या भावंडांची कथा ह्याच्या शेजारी ठेवता येईल. आईबापांनी देह ठेवल्यानंतर चार मुले उरली. त्यांतली मुक्ताबाई सर्वांत धाकटी. ताटी लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना समजावणारे जे ताटीचे अभंग तिच्या नावावर आहेत, त्यांचा विचार तत्त्वबोध म्हणून होतो. रुसलेल्या भावाच्या दाराबाहेर उभी राहून त्याला उठवणारी धाकटी बहीण, ही त्यांतील नाट्यस्थिती पाहिली तर मात्र घरातली रिकामी जागा कोणी घेतली हे उघड दिसते. वयाने मोठ्याने ती घ्यावी असा नियम नसतो. मुलीने घ्यावी असा असतो.

आता ओवीकडे वळता येईल. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ ह्यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील शेकडो गावांतून जमलेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या लाखाच्या घरात जाते, आणि त्यांत माय हा विषय जेवढा पसरलेला आहे तेवढे फार थोडे विषय असतील. मराठवाड्यात ना. गो. नांदापूरकरांनी स्त्रीगीतांचे संकलन ह्याच्या पुष्कळ आधी आरंभिले होते. उदगीरच्या परिसरात ह्या अभ्यासाला एक वेगळी पार्श्वभूमी मिळते. बालाघाटाच्या पठारावरचा हा मुलूख हैदराबाद संस्थानात बिदर जिल्ह्याचा भाग होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबादकडे आला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर त्यात गेला. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी ह्या चारही बोली येथल्या बाजारात ऐकू येतात. घरात मराठी मूल आईला ‘माय’ म्हणते. ‘आई’ हा शब्द त्याला शाळेच्या पुस्तकात भेटतो. कानडी बायकांची जात्यावरची त्रिपदी आणि मराठी बायकांची ओवी ह्यांचे विषय पुष्कळदा एक असतात. मराठीत जे माहेर तेच कानडीत तवरु. शोकाच्या प्रतिमा मात्र सर्वत्र एक राहत नाहीत. ‘श्यामची आई’च्या एकेचाळिसाव्या रात्रीचे नाव ‘भस्ममय मूर्ति’ आहे. ज्या गावात लिंगायतांची आणि मुसलमानांची माणसे मातीत ठेवली जातात, तेथल्या पुष्कळ लेकरांची माय भस्म होत नाही. शेताच्या बांधावर किंवा गावाबाहेर तिची जागा राहते आणि येताजाता दिसते. मातृशोकाच्या वाङ्मयाचा विचार करताना राखेची प्रतिमा सार्वत्रिक धरून चालणे ह्या मुलुखात तरी धोक्याचे आहे.

ओवीतील मातृवियोगाची काही ठरलेली वळणे आहेत. आई मेल्यावर माहेराची वाट परकी होते. भाऊ असला तरी दार उघडणारी भावजय असते. पंचमीला मुराळी येईल की नाही ह्याचा भरवसा राहत नाही. आई अहेवपणी गेली तर त्याचे कौतुक असते, आणि त्या कौतुकाआड मागे राहिलेल्या बापाच्या हालांची जाणीवही असते. ह्या वळणांना टीकाकार संकेत म्हणतात आणि संकेत म्हटले की त्यांतील वेदना पातळ झाल्यासारखी मानतात. येथे थोडे थांबावयास हवे. ओवी एकीची नसते. ती वारशाने येते. जात्याला दोघी बसतात. एक जुनी, एक नवी. म्हणजे पुष्कळ मुली आईच्या मरणाची ओवी आईबरोबर दळतानाच शिकतात. आई जिवंत असताना, तिच्याच तोंडून, तिच्या पश्चात काय होईल हे मुलगी पाठ करते. एखाद्या कवीने आईच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या विलापिकेत आणि ह्या ओवीत मूळचाच फरक आहे : विलापिका घडून गेलेल्या गोष्टीकडे वळून पाहते, ओवी त्या गोष्टीची तयारी करून देते. संकेत हा येथे भावनेचा दुष्काळ नसून पुढच्यासाठी करून ठेवलेली साठवण आहे.

एका संकेताचा विशेष उल्लेख करावयास हवा. जड जाते ओढताना घाम येतो, पण दंडात बळ आहे. ते बळ कोठून आले, तर लहानपणी मायेने जायफळ उगाळून पाजले होते म्हणून. ही कल्पना अनेक प्रदेशांतील ओव्यांत वेगवेगळ्या शब्दांत येते. आई येथे स्मरणात नाही, ती मनगटात आहे. मेलेल्या आईचे अस्तित्व मुलीच्या अंगमेहनतीत शिल्लक राहते, आणि ती मेहनत सासरच्या दळणावर खर्ची पडते. ह्या कल्पनेतील कडवट बाजूही दृष्टीआड करता येत नाही : माहेरने घातलेले बळ सासर वापरते. परंतु ओवी तक्रार करीत नाही, निदान ह्या ठिकाणी नाही. ती केवळ हिशेब सांगते. पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या तसे जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीला आता ध्वनिमुद्रणापुरती बैठक उरली. जायफळाचा हिशेब सांगण्याची जागाच गेली.

ओवीच्या जगात एक नाते पक्के धरलेले असते : आई गेल्यावर लेकीला आधार भावाचा. भाऊ हाच माहेराचा पुढचा मालक. त्याने बोलवावे, चोळीबांगडी करावी, लेकीच्या लेकीला मामा म्हणून उभे राहावे. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांची मांडणी करताना महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण ह्यांच्या मधला पट्टा म्हटले. मामाच्या घरात मुलगी देण्याघेण्याची चाल जेथे दक्षिणेशी जुळते अशा उदगीरसारख्या सीमेवरच्या भागात तर भावाशी असलेले नाते दुहेरी महत्त्वाचे ठरते. हे सर्व जमिनीच्या तुकड्यावर, घराच्या भिंतीवर आणि भावाच्या हाती काहीतरी असण्यावर उभे आहे. ज्या घरात भावाच्या हाती काहीच नसते, किंबहुना भाऊच पोर असतो, तेथे काय होते? ह्या प्रश्नाचे उत्तर ओवीत सहसा सापडत नाही. ते उदगीर परिसरातील एका गद्यग्रंथात सापडते.

प्र. ई. सोनकांबळे ह्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. दया पवारांच्या ‘बलुतं’नंतर वर्षभराच्या आत आलेले हे आत्मकथन दलित स्वकथनांच्या पहिल्या पिढीत मोडते, आणि त्याचा विचारही त्याच पंक्तीत झाला : अस्पृश्यता, उपासमार, शिक्षणाची ओढ, बोलीचा निःसंकोच वापर. ही सर्व वैशिष्ट्ये त्यात आहेत. परंतु ज्या वस्तुस्थितीवर ह्या पुस्तकाचे सारे बालपण उभे आहे ती अशी की ह्या मुलाचे आईवडील लहानपणीच गेले आणि तो लग्न झालेल्या बहिणीच्या आश्रयाला राहिला. मराठी वाचकाला ‘श्यामची आई’ हे आईचे पुस्तक म्हणून ठाऊक आहे आणि त्यातील कर्जाकडे त्याचे लक्ष जात नाही. ‘आठवणींचे पक्षी’ हे भुकेचे पुस्तक म्हणून ठाऊक आहे आणि त्यातील आईच्या जागेकडे त्याचे लक्ष जात नाही. एकाची गणना संस्कारवाङ्मयात, दुसऱ्याची दलित साहित्यात. दोन्ही कप्पे वेगळ्या भिंतींवर, आणि म्हणून दोन्ही पुस्तके शेजारी उघडून वाचण्याचा प्रसंग अभ्यासक्रमात येत नाही.

शेजारी वाचली असता पहिली गोष्ट लक्षात येते ती आईच्या अनुपस्थितीची रीत. श्यामच्या आईचा मृत्यू बेचाळीस रात्रींच्या शेवटी येतो. त्याच्याकडे चढत जाणारी वाट लेखकाने बांधली आहे. सोनकांबळ्यांच्या पुस्तकात मृत्यू आरंभाच्याही आधीचा आहे. तो शिखर नसून जमीन आहे. आई कशी होती, तिने काय शिकविले, ह्याचे पुरेसे साठवणच अशा मुलाजवळ नसते. तिच्या नसण्याचे मोजमाप त्याला अन्नात करावे लागते. कोणाच्या घरी काय मिळाले, काय मिळाले नाही, कोणी बोलावले, कोणी हाकलले, ह्या आठवणी तुटक तुटक येतात. शीर्षकातील पक्ष्यांप्रमाणे त्या येऊन बसतात आणि उडून जातात. ह्या तुटकपणाला काही वाचकांनी रचनेचा दोष मानले असेल. पण सलग बालपण ज्याला लाभले नाही त्याने सलग बालपण लिहावे ही अपेक्षाच विचित्र आहे. श्यामच्या कथनाला रात्री आहेत, त्या क्रमाने येतात, ऐकणारे ठरलेल्या वेळी जमतात. अनाथ पोराला ठरलेली वेळ नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ओवीने पक्के धरलेले नाते येथे उलटे झाले आहे. भावाने बहिणीचे माहेर राखावे हा नियम. येथे बहिणीने आपल्या सासरी भावाचे माहेर करावयाचे आहे. सासर म्हणजे जेथे तिचे स्वतःचे काही नाही असे घर. ताटातली भाकर तिच्या हाताची असली तरी तिची नव्हे. ती कोणाला द्यावी हा अधिकार नवऱ्याचा आणि सासरच्यांचा. म्हणून बहिणीने भावाला दिलेला प्रत्येक घास तिच्या तेथील पतीतून वजा होत जातो. सांभाळाला अधिकार लागतो असे वर म्हटले, त्याचा अर्थ येथे कळतो. मावशीची म्हण ज्या समाजात जन्मली तेथे मावशीच्या हाती निदान थोडे धान्य होते. जनीच्या विठाबाईला कोणाची परवानगी लागत नव्हती. ह्या बहिणीला लागते, आणि जातीने ज्या घराला गावाबाहेर ठेवले आहे तेथे परवानगी देणाराही भुकेलाच असतो. म्हणून तेथील कठोरपणाची मांडणी केवळ माणसांच्या स्वभावाच्या भाषेत करता येत नाही. श्यामच्या घरावर जप्ती आली तेव्हा जप्त करण्यासारखे घर होते. ह्या वाक्यात हेटाळणी नाही, दोन्ही दुःखांची माती वेगळी आहे एवढेच.

ह्या तुलनेचा उपयोग एकाला लहान व दुसऱ्याला मोठे ठरविण्यासाठी होऊ नये. तसे करणे सोपे आहे आणि गेल्या काही दशकांत ते पुष्कळदा झालेही आहे. ‘श्यामची आई’ भाबडी म्हणून बाजूला सारणारा टीकाकार तिच्या शेवटच्या दहा रात्री वाचत नाही. ‘आठवणींचे पक्षी’ केवळ दस्तऐवज म्हणून गौरविणारा टीकाकार त्यातील शोकाला वाङ्मयीन दर्जा द्यायला कचरतो. भूक हीच शोकाची भाषा असू शकते, हे मान्य केले की दुसऱ्या पुस्तकातील एकेक जेवणाची नोंद वेगळी वाचावी लागते. माय नसलेल्या पोराने जेवणाच्या आठवणी लिहिल्या तर त्या कोणाविषयी आहेत?

उदगीरला १९५६ नंतरच्या काळात शाळा-महाविद्यालये वाढली, आणि एप्रिल २०२२ मध्ये पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. ज्या गावांतून मुले तेथे शिकावयास येतात त्या गावांतील घरांत आईनंतरचा सांभाळ आजही बहुधा थोरल्या मुलीकडे येतो, आणि तिचे शिक्षण तेथे थांबते. धाकटा भाऊ शिकतो. ह्या परिसरातील ओव्यांचे संकलन करणाऱ्यांनी माय, भाऊ, माहेर ह्या जुन्या कप्प्यांबरोबर आणखी एक कप्पा उघडावयास हवा : ज्या बहिणींनी भावांना वाढविले त्यांच्या ओव्यांचा. अशा ओव्या थोड्या असतील. मुराळ्याची वाट पाहण्याची ओवी अशा बाईला गाता येत नाही. ज्याने न्यायला यायचे तो तिच्याच चुलीपाशी जेवत असतो. ‘आठवणींचे पक्षी’मध्ये बोलणारा आवाज भावाचा आहे. बहिणीचीही आई गेली होती, आणि तीही त्या वेळी मुलगीच होती.